नव्या नाणेसंचांतील दोष: पारख आणि दाद



'बट्टा' हा शब्द आज आपण बहुधा अब्रूच्या संबंधांत वापरतों. घराण्याला बट्टा लागला, नांवाला बट्टा लागला, असें म्हणतों. परंतु हा शब्द मूळचा सराफकट्ट्यावरचा आहे. एके काळीं निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारांत चालत. आपल्या एलिचपुरासही, म्हणजे आजच्या अचलपुरास, टांकसाळ होती. अमुक रुपया झिजला आहे, तमक्यांत रुपें कमी आहे, हें सराफ डोळ्यांनीं पाहून, दगडावर वाजवून आणि प्रसंगीं वर टोंचा मारून ठरवीत असे. दर्शनी किंमतींतून मग जी रक्कम तो कापून घेई तिचें नांव बट्टा.

आज मला ज्या नाण्यांविषयीं बोलावयाचें आहे त्यांना ही रीत लावतां येत नाहीं. तीं बाजारांत चालविण्यासाठीं पाडलेलींच नसतात. एखाद्या थोर व्यक्तीची जन्मशताब्दी, एखाद्या संस्थेचा महोत्सव, अशा निमित्तानें भारत सरकारच्या टांकसाळी तीं काढतात, शोभिवंत पेटींत बसवून विकतात, आणि त्यांची विक्रीची किंमत दर्शनी किंमतीहून पुष्कळच अधिक असते. तीं वाजवून घ्यावयाचीं नाहींत, टोंचून पाहावयाचीं नाहींत, बोटही लावावयाचें नाहीं. जी कांहीं पारख करावयाची ती डोळ्यांनींच.

अमरावती-अकोल्याकडे असे संच घेणारे लोक थोडे नाहींत. कोणी निवृत्त शिक्षक असतो, कोणी पहिल्या पगारांतून हौस पुरविणारा तरुण असतो. २०१५ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीवर्षांत १२५ रुपयांचें स्मारक-नाणें निघालें. ६ डिसेंबर २०१५ रोजीं त्याचें प्रकाशन झालें. अशा नाण्याचें मोल वऱ्हाडांतील कित्येक घरांत धातूच्या भावानें मोजतां येणार नाहीं. त्यामुळें पेटी उघडतांच त्यावर डाग दिसला तर होणारी खंतही नुसती पैशाची नसते.

अशा वेळीं दोन गोष्टी हटकून घडतात. एक तर माणूस 'आतां कोणाकडे दाद मागावयाची?' असें म्हणून गप्प बसतो, किंवा रुमालाच्या टोकानें डाग पुसूं लागतो. गप्प बसल्यानें हक्क बुडतो. पुसल्यानें हक्क आणि नाणें दोन्ही जातात. या दोहोंऐवजीं प्रथम एकच प्रश्न विचारावा: हा दोष जन्मला कोठें? टांकसाळींत, पेटींत, कीं आपल्या घरांत? उत्तर मिळालें म्हणजे पुढचें पाऊल आपोआप ठरतें.

त्याआधीं आपण विकत काय घेतलें आहे तें नीट वाचलें पाहिजे. हे संच दोन प्रकारचे असतात. एकास प्रूफ म्हणतात आणि दुसऱ्यास अनसर्क्युलेटेड, म्हणजे व्यवहारांत न फिरलेला. प्रूफ नाण्यासाठीं धातूची चकती आधीं घोटून चकचकीत करतात, साचाही आरशासारखा घोटतात, आणि यंत्राचा दाब सावकाश व एकाहून अधिक वेळां देतात. त्यामुळें मोकळा सपाट भाग आरशासारखा आणि उठावाचा भाग दंव पडल्यासारखा दिसतो. तयार नाणें हातमोजे घालूनच उचलावयाचें असतें. अनसर्क्युलेटेड नाणें नवें खरें, परंतु तें साध्या रीतीनें पाडलेलें असतें. यंत्रांतून बाहेर पडतांना तें दुसऱ्या नाण्यावर आपटतें आणि त्याच्या अंगावर बारीक टिचके उमटतात. हे टिचके अनसर्क्युलेटेड नाण्यावर असले तर तो दोष नव्हे. प्रूफ नाण्यावर असले तर खास दोष. कापूस पिकविणाऱ्या आपल्या मुलखाला ही गोष्ट फोड करून सांगण्याची गरज नसावी. कवडी कापूस म्हणून घेतलेल्या गाठोड्यांत कवडी निघाली तर कोणी तक्रार करीत नाहीं. पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र माल म्हणून घेतला आणि आंत कवडी निघाली तर मात्र भांडण होतें.

धातूविषयींही एक गैरसमज आहे. चांदीचें म्हणून घेतलेलें नाणें कांहीं वर्षांनीं पिवळसर किंवा तांबूस झालें कीं लोक फसवणूक झाली असें समजतात. आंबेडकरांच्या १२५ रुपयांच्या नाण्यासारखीं बरीच मोठीं स्मारक-नाणीं ३५ ग्रॅम वजनाचीं आणि ४४ मिलिमीटर व्यासाचीं असून त्यांत चांदी ५० टक्के, तांबें ४० टक्के, निकेल ५ टक्के आणि जस्त ५ टक्के असतें. म्हणजे वजन जुन्या मापानें जवळजवळ बरोबर तीन तोळे, आणि त्यांत चांदी दीड तोळा. हेंच मिश्रण १९४० सालापासून युद्धकाळच्या रुपयांना वापरलेलें आहे. ज्यांच्या घरीं आजीच्या गांठोड्यांतला सहाव्या जॉर्जचा रुपया असेल त्यांनीं तो काढून पाहावा. त्याचा उतरलेला रंग ही या मिश्रणाची प्रकृति आहे. अलीकडे कांहीं नाणीं जवळजवळ शुद्ध चांदीचींही निघूं लागलीं आहेत. तेव्हां प्रमाणपत्रावर काय छापलें आहे तें वाचूनच तक्रारीचा विचार करावा. टांकसाळीच्या खुणेचेंही तसेंच आहे. सनाच्या खालीं मुंबईची खूण चौकटीच्या आकाराची, हैदराबादची तारा, नोएडाची टिंब. कोलकात्याच्या नाण्यावर कांहींच नसतें. खूण नाहीं म्हणून नाणें खोटें ठरत नाहीं.

आतां प्रत्यक्ष पारखीकडे वळूं. पार्सल हातीं आलें कीं तें घाईनें फोडूं नये. बाहेरचें वेष्टन, चिकटपट्ट्या, मोहोर शाबूत आहेत कीं नाहींत तें पाहून घ्यावें आणि उघडण्याची सारी क्रिया घरांतील कोणाकडून तरी मोबाईलवर अखंड टिपून घ्यावी. पुढें 'डाग तुमच्याच घरीं पडला' असें उत्तर आलें तर या पांच मिनिटांच्या चित्रफितीसारखा साक्षीदार नाहीं. नाणें त्याच्या पारदर्शक डबींतून काढूं नये. खिडकीपाशीं, उन्हाची तिरीप नसलेल्या उजेडांत बसावें आणि डबी हळूहळू कलती करीत नाण्यावरून उजेड फिरवावा. सराफाचें पांच किंवा दहा पटींचें भिंग पुरेसें आहे. याहून मोठ्या भिंगानें शोधूं गेल्यास जगांतलें कोणतेंच नाणें निर्दोष निघणार नाहीं, आणि असला शोध घेणाऱ्याला मनःस्वास्थ्यही लाभणार नाहीं.

रेष दिसली तर प्रथम ती नाण्यावर आहे कीं डबीवर, हें ठरवावें. डबी कलती केल्यावर रेष नाण्यावरील चित्राच्या मानानें सरकतांना दिसली तर ती प्लॅस्टिकवर आहे. ती नाण्यालाच चिकटून राहिली तर पुढचा प्रश्न: रेष उंच आहे कीं खोल? माझ्या मतें या सगळ्या विषयाची किल्ली येथें आहे. साच्याला तडा गेला किंवा साचा घोटतांना त्यावर चरे पडले, तर धातु त्या चऱ्यांत शिरतो आणि नाण्यावर रेष उठून येते. उंच रेष म्हणजे साच्याची रेष. ती टांकसाळींतच जन्मली, घरीं कोणालाही ती निर्माण करतां येणार नाहीं. खोल रेष दोन प्रकारची असते. साच्यावर किंवा चकतीवर सुताचा धागा, केंस किंवा कसपट पडून राहिलें आणि वरून दाब बसला, तर त्याचा ठसा खोल उमटतो. परंतु तो वळणदार असतो, त्याचा तळ गुळगुळीत असतो आणि कडेला धातूची ओंब उठलेली नसते. हाही टांकसाळींतलाच दोष. याउलट ओरखडा बहुधा सरळ असतो, त्याच्या कडेला धातु उकरून आल्यासारखा दिसतो आणि उजेडांत तो कर्कश चमकतो. हा नाणें पाडल्यानंतरचा घाव. तो पेटी भरतांना झाला कीं नंतर, हें सांगण्यास पुन्हां ती चित्रफीतच उपयोगीं पडते.

चांदीच्या नाण्यावर दुधाच्या थेंबासारखे पांढरे डाग कधीं आरंभींच दिसतात, कधीं कांहीं महिन्यांनीं उगवतात. चकत्या धुतांना द्रावणाचा अंश वर राहिला आणि तसाच त्या तापविल्या गेल्या कीं हा डाग धातूच्या पृष्ठांतच बसतो, असें याचें कारण सामान्यतः सांगतात. ही पीडा जगभरची आहे. कॅनडाच्या टांकसाळीनें आपल्या चांदीच्या नाण्यांसाठीं या डागांवर २०१८ सालापासून मुद्दाम निराळी प्रक्रिया सुरू केली, यावरून ती किती चिवट असेल याची कल्पना यावी. हा डाग घांसून जात नाहीं.

बोटांचे ठसे फसवे असतात. पेटी भरणाऱ्याचा उघडा हात लागला तर त्या दिवशीं कांहींच दिसत नाहीं. घामांतले क्षार धातूवर काम करीत राहतात आणि कांहीं महिन्यांनीं तपकिरी ठसा वर येतो. म्हणून न उघडलेल्या डबींत ठसा आढळला तर तो आपल्या घरचा नव्हे हें उघड आहे. संच आल्यावर एकदां, आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनीं, डबीसकट छायाचित्र काढून ठेवावें असें मी सुचवितों. दोन बाजूंचा कल मात्र डबींतूनच कळतो: नाणें पुस्तकाच्या पानासारखें उलटलें असतां दुसरी बाजू सरळ उभी दिसली पाहिजे. ती बरीच तिरपी असेल तर साचे नीट बसले नव्हते असें समजावें. अशा ढोबळ चुकीचें नाणें परत करण्याची घाई करूं नये. चुकीच्या नाण्यांचेही शोधक असतात आणि ते कधीं कधीं अधिक किंमत देतात. तडे, धागे आणि पांढरे डाग यांच्या वांट्याला तें भाग्य सहसा येत नाहीं.

पेटीही कधीं कधीं शत्रु ठरते. मऊ, वास येणारें पीव्हीसी प्लॅस्टिक कालांतरानें आम्ल सोडतें आणि नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. मखमलीखालचा गोंद व पुठ्ठा यांतील गंधकानें चांदी काळी पडते. पेटीला रबराची पट्टी लावून ठेवण्याची आपली संवय तर फारच वाईट. त्या रबरांत गंधक असतें, आणि जेथें पट्टी, तेथें काळा पट्टा.

आतां आपल्या घराकडे येऊं, आणि येथें वऱ्हाडाचें हवापाणी विचारांत घ्यावेंच लागतें. वैशाखांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढें जातो. एवढ्या कोरड्या उन्हाळ्यांत नाण्याला दमट हवेची भीति कसली, असें कोणासही वाटेल. परंतु त्याच दिवसांत घरोघरीं कूलर चालतो, आणि ज्या खोलींत कूलर त्या खोलींत दिवसरात्र ओलसर वारा. ज्या कपाटावर त्याचा झोत येतो त्यांत नाणीं ठेवूं नयेत. दुसरी गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या दोन्ही कांठांनीं अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील विहिरीचें पाणी चवीलाच खारट लागतें. अशा पाण्यानें नाणें धुतलें कीं वाळल्यावर त्याच्या अंगावर क्षार राहतात, आणि त्यांतलें क्लोराइड चांदी-तांब्याला पोखरूं लागतें. नाण्याला नळाचें वा विहिरीचें पाणी लावूंच नये.

याहून नाजूक गोष्ट देवघराची आहे. लक्ष्मीपूजनाला नवें नाणें पूजेंत ठेवावें ही आपली परंपरा. मी तिच्या विरुद्ध बोलत नाहीं. परंतु पंचामृतांतील दह्याचें आम्ल, हळद आणि कुंकवांतील चुन्याचा अंश हीं प्रूफ नाण्याच्या आरशावर कायमचे डाग पाडतात. पूजा डबीसकट करावी. गंध-अक्षता डबीवर वाहाव्या, मागाहून डबी पुसून घ्यावी. दिवाळीपूर्वीं चिंच, रांगोळी, राख किंवा बाजारची पावडर लावून भांडीं उजळण्याची जी पद्धत आहे ती तांब्या-पितळेच्या घागरीला ठीक. नाण्याला ती लावणें म्हणजे साच्यानें दिलेलें मूळचें पृष्ठच खरवडून काढणें. घांसलेलें नाणें चमकतें, परंतु जाणता संग्राहक तें एका नजरेंत ओळखतो आणि किंमत पाडून मागतो. दोष कसलाही असो, तक्रारीचा निकाल लागेपर्यंत नाण्याला कांहींही लावूं नये. एक अपवाद सांगतों, तोही स्वतःच्या मालकीच्या आणि तक्रार नसलेल्या नाण्यापुरता: पीव्हीसीचा हिरवट थर शुद्ध अॅसिटोनमध्यें नाणें बुडवून, न चोळतां, निघूं शकतो. नखांचा रंग काढण्याचें सुगंधी द्रव म्हणजे अॅसिटोन नव्हे. आणि अॅसिटोन भडकन् पेटतो, तेव्हां चुलीपासून दूर, वाऱ्याच्या जागीं.

दाद कशी मागावी? खरेदीदाराची बाजू कायद्यानें धरावी लागते, हें या मुलखानें फार लवकर ओळखलें. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानें १८८६ सालीं कारंजा येथें नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. आपल्या प्रश्नाला मात्र दोन निराळे कायदे लागू पडतात. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणें वर्णनावरून घेतलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. 'प्रूफ' हा शब्द छापून विकलें कीं प्रूफच्या दर्जाची जबाबदारी विक्रेत्यावर आली. मात्र याच कायद्यांत दोन खाचखळगे आहेत. प्रदर्शनांत किंवा दुकानांत आपण नाणें स्वतः तपासून घेतलें असेल, तर त्या तपासणींत दिसावयास हवा होता असा दोष मागाहून उकरतां येत नाहीं. आणि माल हातीं आल्यावर नापसंति न कळवितां वाजवीहून अधिक काळ ठेवून घेतला, तर तो पसंत केला असें धरलें जातें. म्हणून तक्रार आठवड्याच्या आंत गेलेली बरी. विक्रेत्याच्या अटींत याहून कमी मुदत असेल तर तीच पाळावी. माल ठेवून घेऊन किंमतींतून दोषापुरती वजावट मागण्याचा मार्गही या कायद्यानें मोकळा ठेवला आहे. सराफाचा बट्टा येथें ग्राहकाच्या हातीं आला असें म्हणावयास हरकत नाहीं. संच संपून गेला असेल आणि बदली मिळणें शक्य नसेल तेव्हां हा मार्ग उपयोगाचा आहे.

दुसरा कायदा २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. तो २० जुलै २०२० पासून अमलांत आला. त्याचा मोठा लाभ असा कीं तक्रारदार जेथें राहतो तेथील जिल्हा आयोगापुढें तक्रार नेतां येते. विक्रेता मुंबईचा असला तरी अमरावतीच्या माणसानें अमरावतींतच, अकोल्याच्या माणसानें अकोल्यांतच दाद मागावी. दिलेली किंमत पांच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाहीं. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. मात्र संच संग्रहासाठीं घेतलेला असावा. पुन्हां विकून नफा करण्यासाठीं घेणाऱ्या व्यापाऱ्याला या कायद्यानें ग्राहक मानलेलें नाहीं. आयोगाकडे जाण्यापूर्वीं १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीला कळवून पाहावें.

परंतु बहुतेक प्रकरणें एका चांगल्या पत्रानेंच मिटतात, आणि चांगलें पत्र म्हणजे रागाचें पत्र नव्हे. 'नाणें खराब आहे, पैसे परत करा' एवढ्यानें वाचणाऱ्याला कांहींच कळत नाहीं. दोषाची जागा घड्याळाच्या तबकडीप्रमाणें सांगावी. उदाहरणार्थ असें लिहावें: 'आपणांकडून अमुक क्रमांकाच्या मागणीप्रमाणें आलेला प्रूफ संच अमुक तारखेस मोहोर शाबूत असतांना मिळाला. मोठ्या नाण्याच्या दर्शनी बाजूस, चार वाजण्याच्या जागीं, कांठापासून सुमारें तीन मिलिमीटर आंत, दोन मिलिमीटर लांबीचा खोल ओरखडा आहे. डबी उघडलेली नाहीं. उघडण्याची चित्रफीत व तीन छायाचित्रें सोबत आहेत. संच बदलून द्यावा. तें शक्य नसल्यास किंमत परत करावी. पंधरा दिवसांत उत्तराची अपेक्षा आहे.' पत्र ई-मेलनें पाठवावें आणि त्याची प्रत स्पीड पोस्टानेंही जावी, म्हणजे पोंच मिळते.

विक्रेत्यानें संच परत मागविला तर त्याचें लेखी उत्तर हातीं आल्याशिवाय तो पाठवूं नये. पाठवितांना नाणें, प्रमाणपत्र, माहितीपत्रक आणि मूळ पेटी सर्व एकत्र द्यावें. एक जरी वस्तु मागें राहिली तरी संच अपुरा ठरतो. पेटी हलणार नाहीं अशी बांधावी, विमा उतरवावा, आणि बांधण्यापूर्वीं पुन्हां एकदां त्या ओरखड्याचें छायाचित्र घ्यावें, कारण वाटेंत दुसरा ओरखडा पडला तर पहिला कोणता हें दाखवितां आलें पाहिजे.